श्रद्धा कोणावर ठेवावयाची?
(नळदुर्ग येथे उपासक-उपासिकांपुढे दिलेले भाषण)



आपल्या नात्यागोत्यातील काही घरे ख्रिस्ती झालेली आहेत. त्यांच्या श्रद्धेला भोळेपणा म्हणून आपल्यापैकी कित्येक जण हसतात. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने आपणांस जो हक्क दिला, तोच त्यांनाही आहे. आणि पंडिता रमाबाईंसारख्या संस्कृतज्ञ विदुषीने १८८३ साली बाप्तिस्मा घेतला, तो काय भोळेपणाने?

येथल्या खंडोबाला आपले वाडवडील नवस बोलत. तो व्यवहार होता. तू दे, म्हणजे मी देईन. ख्रिस्ती श्रद्धा तशी नव्हे. मनुष्य स्वतःच्या पुण्याईने तरत नाही. येशूवर सर्व भार टाकणाऱ्यास ईश्वर कृपेने तारतो, असे पौलाचे सांगणे आहे. याकोबाच्या पत्रात मात्र कृतीवाचूनची श्रद्धा मृत ठरविली आहे, हेही ध्यानी घ्या.

मग आपला मार्ग निराळा कोठे होतो? योहानाच्या शुभवर्तमानात थोमा हा शिष्य जखमा पाहिल्यावाचून विश्वास ठेवीत नाही. येशू त्याला जखमा दाखवितो. परंतु धन्य म्हणतो ते न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांस. उलट, केसपुत्तच्या कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले की, तुमची शंका योग्यच आहे. बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हे बाबासाहेबांनी १९५० साली लिहून ठेविले. श्रद्धा आपल्याकडेही आहे. पण ती प्रज्ञेच्या जोडीने.

आता आपापल्या घरी पाहा. बुद्धांच्या तसबिरीपुढे मुलाच्या परीक्षेसाठी नारळ फुटत असेल, तर तो खंडोबाचाच नवस होय. त्या नारळाविषयी आधी घरात बोला. ख्रिस्ती सोयऱ्यांशी वाद मागाहून घालू.