अंश आणि छेद



सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणात नेमके शिकवतात तरी काय? अभ्यासक्रम या प्रश्नाचे उत्तर पाच विषयांत देतात : साथरोगशास्त्र, जीवसांख्यिकी, पर्यावरणीय आरोग्य, आरोग्यसेवेचे नियोजन व प्रशासन, आणि सामाजिक व वर्तनशास्त्रे. यादी बरोबर आहे. परंतु या विद्येचा गाभा एका साध्या अपूर्णांकात आहे. इस्पितळाला त्यातला केवळ अंश ठाऊक असतो : किती रोगी आले, किती दगावले. छेद गावात असतो, तांड्यावर असतो, उसाच्या फडात असतो. जो इस्पितळाच्या दारात आलाच नाही त्याची मोजदाद करणे, ही या विद्येची पहिली पायरी होय.

बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याच्या बातम्या येत, तेव्हा ती तुरळक उदाहरणे आहेत असे म्हणून हात झटकणे सोपे होते. २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधील हे प्रमाण देशभरात सुमारे ३ टक्के होते. दोन्हींकडचे वयोगट तंतोतंत जुळत नसतील. पण एवढी तफावत नुसत्या वयाच्या खात्यावर टाकता येणार नाही. छेद मिळाला आणि बातमीचा पुरावा झाला. त्यापुढचा प्रश्न 'का?' हा आहे. त्याचे उत्तर मुकादमाच्या उचलीत, खाड्याच्या दंडात आणि फडावर न मिळणाऱ्या पाण्या-शौचालयात शोधावे लागते. सामाजिक शास्त्रे अभ्यासक्रमात शोभेसाठी ठेवलेली नाहीत, ती यासाठी.

भोर समितीने १९४६ सालीच भावी डॉक्टरांना प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण द्यावे, त्यांतून 'सामाजिक वैद्य' घडावेत, असे सुचविले होते. विषय अभ्यासक्रमात आला. प्रतिष्ठा मात्र शस्त्रक्रियागृहाकडेच राहिली. परीक्षेपुरता पाठ करावयाचा विषय, अशीच बहुसंख्य विद्यार्थ्यांची त्याच्याविषयी भावना असते.

ही विद्या पदवीधरांचीच मिरासदारी आहे काय? रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला निरक्षर, दलित स्त्रियांना आरोग्यकार्याचे शिक्षण देऊन त्याचे उत्तर दिले. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढे एक अडचण होती. नवजात बालकाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक असतील तर न्यूमोनियाची शंका घ्यावयाची. पण ज्या सुईणीला साठापर्यंत मोजता येत नाही तिने काय करावे? उपाय मण्यांचा निघाला. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटाच्या घड्याळातील वाळू संपण्याआत शेवटचा तांबडा मणी सरकला, तर बाळाला औषध हवे. गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याच्या तेथील प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ३९ गावांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला होता. कौशल्य तेच, साधन तेवढे शिकणारीच्या हाताला बेतलेले.

२००५ पासून गावोगाव 'आशा' आल्या. जन्म, मृत्यू, गर्भारपण, ताप, लस या सर्वांची नोंद त्यांच्या वहीत असते. शासन त्यांना स्वयंसेविका म्हणते आणि मोबदला बव्हंशी कामागणिक देते. ही पिळवणूक आपल्या मोर्चांतून पुरेशी मांडली गेली आहे. दुसरी पिळवणूक कमी दिसते. छेद गोळा करते ती आशा. दर काढतात तालुक्याला, जिल्ह्याला, आणि तो आकडा गावाकडे सहसा परतत नाही. ज्या बाईने उन्हातान्हात घरे मोजली, तिलाच आपल्या गावात हजारी किती बालके दगावतात हे सांगता येत नाही.

मानधनाच्या मागणीबरोबर म्हणूनच आणखी एक मागणी हवी. आशांच्या प्रशिक्षणात दर काढणे, शेजारच्या गावाशी तुलना करणे आणि कारणांचा माग काढणे शिकविले जावे, आणि प्रत्येक तिमाहीला गावचे आकडे ग्राम आरोग्य समितीत मोठ्याने वाचले जावेत. या समित्या कागदावर बहुतेक गावांत आहेत. आपल्या गावची बैठक शेवटची केव्हा झाली, एवढी चौकशी तर पुढच्या आठवड्यात करता येईल.