बहुमताने बुडालेलं तारू



अध्यक्षाने सगळ्यांना बरं वाटेल असं बोलावं, असा आपल्या ख्रिस्ती मेळाव्यांचा शिरस्ता आहे. आज मी तो मोडणार आहे.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या निवडणुका जवळ आल्या, की ठरलेली वाक्यं कानावर पडू लागतात. सेक्रेटरी रिटायर्ड अधिकारीच हवा, त्याला कागदपत्रं कळतात. खजिनदार बाई कशाला, महिला मंडळ आहे ना त्यांना! तक्रारखोराला आत घेऊ नका. निवड बिनविरोध होऊ द्या, मतदान झालं की मंडळी फुटते. आणि पैसे कमी पडले, की मिशन कंपाउंडचा तुकडा बिल्डरला द्या. ही वाक्यं कुणी सिद्ध करत नाही. वडीलधाऱ्याने मान हलवली, की ती मिनिट्समध्ये जातात.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय काढा. क्रेतच्या किनाऱ्यावर तारू उभं आहे, हिवाळा तोंडावर आला आहे. कैदी पौल म्हणतो, पुढे जाऊ नका. तांडेल आणि तारवाचा मालक म्हणतात, चला. रोमी शताधिपती कुणाचं ऐकणार? अर्थात जाणकारांचं. बहुतेकांचंही मत तेच पडलं, कारण ते बंदर हिवाळा काढायला गैरसोयीचं होतं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. २७६ माणसं वाचली, तारू मात्र फुटलं. तांडेल मूर्ख नव्हता. पण मालकाचा माल त्या तारवात होता, आणि सोय हवी असलेल्यांची संख्या मोठी होती. आपल्या सभेत जमिनीचा विषय निघतो तेव्हा माल कुणाचा आणि सोय कुणाची, हे विचारणारा कैदी कुठे बसलेला असतो? बहुधा शेवटच्या बाकावर.

तक्रारखोरांचं म्हणाल, तर त्याच पुस्तकाचा सहावा अध्याय वाचा. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी कुरकुर केली, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. आपल्याकडे हे झालं असतं, तर चौकशी समिती नेमली असती आणि कुरकुर करणाऱ्यांना तिच्यापासून चार हात लांब ठेवलं असतं. यरुशलेमेत सात जण निवडले गेले आणि सातही जणांची नावं ग्रीक आहेत. मी त्याचा अर्थ असा लावतो, की ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती कोठाराची किल्ली गेली. असा निर्णय घ्यायची हिंमत असलेली कमिटी मला दाखवा.

आता आपल्या देशातलं उदाहरण घ्या. १९१२ साली व्ही. एस. अझरिया दोर्नाकलचे बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप. भारतीय माणसाला कारभार झेपणार नाही, गोरे मिशनरी त्याच्या हाताखाली राबणार नाहीत, वेळ अजून आलेली नाही, असं सांगणारे तेव्हाही अनुभवीच होते. अझरियांनी १९४५ साली मृत्यू येईपर्यंत तो धर्मप्रांत सांभाळला. आज ती गोऱ्यांची वाक्यं आपण तोंडपाठ केली आहेत आणि आपल्याच तरुण पाळकाला, आपल्याच लेकीसुनांना ऐकवतो आहोत. या गोष्टीची मला चीड येते आणि ती मी लपवणार नाही.

मागच्या रांगेतले तरुण टाळ्या वाजवत आहेत. थांबा, तुमचाही हिशेब बाकी आहे. इस्राएलच्या रहबाम राजाने म्हाताऱ्यांचा सल्ला झिडकारला, बरोबरीच्या पोरांचं ऐकलं आणि दहा वंश गमावले. तिथे जुनं शहाणपणच खरं होतं: लोकांवरचं ओझं हलकं करा. मोशेला कामाची वाटणी करायला शिकवलं ते इथ्रोने, त्याच्या सासऱ्याने, मिद्यानी याजकाने. त्यात ना दर्शन होतं, ना चमत्कार. निव्वळ व्यवहार होता आणि मोशेने तो निमूटपणे ऐकला. दोन-दोन सह्यांशिवाय चेक नको, ऑडिट वेळेवर हवं, नातेवाइकाला कंत्राट नको, हेही रुळलेलं शहाणपणच आहे. ‘पवित्र आत्मा चालवतो’ म्हणून जो पुढारी ते धुडकावतो, त्याच्यापासून दानपेटी दूर ठेवा.

रुळलेलं शहाणपण कधी अर्धंच खरं असतं, तेही पाहा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ साली ते गेले. आपले व्यवहारी लोक त्यावर म्हणतात, बघा, पगाराशिवाय काही टिकत नाही. मला हे अर्धंच पटतं. एकाच माणसाच्या खांद्यावर उभी राहिलेली चळवळ त्याच्यामागे खाली बसते, हा धडा मी जरूर घेईन. पण दार उघडं ठेवणं चूक होतं, हे त्यातून कसं काय निघतं? आणि पगारावर चालणाऱ्या आपल्या मंडळ्यांत नवी माणसं किती आली, याचा आकडा हेच लोक वार्षिक सभेत का वाचत नाहीत?

दुपारच्या सत्रात माझा एक ठराव आहे. प्रत्येक मंडळीत गुप्त मतपत्रिकेने मतदान व्हावं, उमेदवार एकच असला तरी. आणि जमिनीच्या कुठल्याही व्यवहाराचा मसुदा मतदानाआधी निदान एक महिना चर्चच्या दाराशी लावावा. ज्यांचा विरोध असेल त्यांनी माइकवर यावं, नाव सांगावं आणि आपल्या मंडळीत शेवटची बिनविरोध निवड झाल्यावर काय काय घडलं, तेही सांगावं. चहाच्या टेबलाशी कुजबुजलेलं मी विचारात घेणार नाही.