काळ्या कोळशावरील शुभ्र स्वप्न



इंग्लंडमध्ये लिव्हरपूल आणि मँचेस्टर या शहरांना जोडणाऱ्या महामार्गालगत, सेंट हेलेन्सच्या परिसरात एक टेकडी आहे. ही टेकडी निसर्गनिर्मित नव्हे. सटन मॅनर येथील कोळसा खाणीतून वर्षानुवर्षे बाहेर टाकलेल्या दगडमातीचा तो ढीग होय. आज त्यावर झाडी वाढली आहे आणि माथ्यावर एका लहान मुलीचे २० मीटर उंचीचे शुभ्र मस्तक उभे आहे. तिचे डोळे मिटलेले आहेत. स्पेनचे शिल्पकार झाउमे प्लेन्सा यांनी घडविलेल्या या शिल्पाचे नाव 'ड्रीम', म्हणजे स्वप्न. ते २००९ साली उभारण्यात आले.

या भूमीतील कोळसा सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतील अरण्यांपासून बनला. तो लिव्हरपूलला पोहोचविण्यासाठी १७५७ मध्ये सँकी कालवा खुला झाला. याच कोळशाच्या आचेवर सेंट हेलेन्सचा काच उद्योग भरभराटीस आला. 'भूमीतून प्रकाश' अशा अर्थाचे लॅटिन ब्रीदवाक्य या गावाने स्वीकारावे, हे त्यामुळे स्वाभाविकच होते. सटन मॅनरच्या विहिरी खोदण्यास १९०६ मध्ये प्रारंभ झाला. १९९१ मध्ये खाण बंद झाली. ज्या कामावर पिढ्यान् पिढ्या पोसल्या गेल्या, ते काम थांबले. उरला तो केवळ ढिगारा.

या ढिगाऱ्यावर काही स्मारक व्हावे, अशी तेथील माजी खाणकामगारांची इच्छा होती. चॅनल फोर या दूरचित्रवाहिनीच्या सार्वजनिक कलाविषयक प्रकल्पात या जागेची निवड झाली. प्लेन्सा यांनी प्रथम खाणकामगाराच्या दिव्यावर आधारित कल्पना मांडली. कामगारांना ती आवडेल, असे कोणासही वाटले असते. परंतु त्यांनी ती नाकारली! दिवा त्यांनी आयुष्यभर हाताळला होता. त्याचीच थोरली प्रतिकृती त्यांना नको होती. पुढच्या पिढीकडे पाहणारे काही घडवा, असा त्यांचा आग्रह होता. ज्यांच्या श्रमाचे स्मारक करावयाचे, त्यांना 'नाही' म्हणण्याचा अधिकार देण्यात आला, ही या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल. पुष्कळ ठिकाणी स्मारक आधी ठरते आणि लोकांना नंतर केवळ अनावरणाचे निमंत्रण जाते.

प्लेन्सा यांनी मग हे मुलीचे मस्तक सुचविले. ते साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भागांचे असून, त्यात स्पेनमधील पांढऱ्या डोलोमाइट दगडाचा वापर केला आहे. कोळशाच्या काळिम्यापुढे हा शुभ्र रंग हेतुतः योजिला आहे.

स्मारकाची दुसरी तऱ्हा वेल्समधील सिक्स बेल्स येथे आढळते. २८ जून १९६० रोजी तेथील खाणीत मिथेन वायूचा स्फोट होऊन ४५ कामगार मृत्युमुखी पडले. छतातून निसटलेला कठीण दगड पोलादी तुळईवर आदळून ठिणगी उडाली असावी, असा संभव चौकशीत वर्तविण्यात आला. दुर्घटनेला ५० वर्षे झाली, त्या दिवशी, २०१० मध्ये, सेबास्टियन बॉयसन यांचे 'गार्डियन' हे शिल्प समर्पित झाले. गंजाचा रंग धारण करणाऱ्या पोलादाच्या हजारो पट्ट्यांतून हा कामगार साकारला आहे आणि त्या ४५ जणांची नावे तेथे कोरलेली आहेत. ज्या गावात जवळजवळ प्रत्येक घराला त्या दिवसाची झळ पोहोचली, तेथे नावांवाचून कोणतेही प्रतीक अपुरे ठरले असते. सटन मॅनरची गरज निराळी होती, तिचे उत्तरही निराळे.

वर्धा खोऱ्यातील कोळसा पट्ट्यात, वणी, बल्लारपूर, चंद्रपूरच्या परिसरात खाणीच्या मातीचे असेच डोंगर क्षितिजावर दिसतात. तेथील श्रोत्यांना 'ड्रीम'च्या चौथऱ्याची खूण सहज पटावी. तो खाणकामगाराच्या गोल बिल्ल्याच्या घाटाचा आहे. खाली उतरताना प्रत्येकजण आपल्या क्रमांकाचा बिल्ला घेई आणि वर आल्यावर परत करी. कोणाचा बिल्ला आला नाही, यावरून भूगर्भात कोण राहिले ते समजे.