जुनं देणं



कठीण काळात मन एका जागी कसं ठेवावं, हा विषय संयोजकांनी मला दिला. या विषयावर श्वासाचे व्यायाम, ध्यान, पहाटे उठणं अशा बऱ्याच गोष्टी सांगितल्या जातात. त्यांचा उपयोग ज्यांना होतो त्यांना तो होतोच. मला आज वेगळं काही मांडायचं आहे, आणि ते तीन माणसांच्या आधारानं मांडायचं आहे. तिघंही तुरुंगात होती. तिघांनीही तिथं असं काम केलं की ते आज आपल्या घराघरांत आहे.

२२ जुलै १९०८. मुंबईच्या उच्च न्यायालयात रात्री उशिरा न्यायमूर्ती दावर यांनी लोकमान्य टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षं पूर्ण होणार होती. मधुमेह जडलेला. त्या काळी इन्सुलिन नव्हतं. पथ्य हेच औषध. आधी साबरमती, मग समुद्रमार्गे ब्रह्मदेश आणि मंडाले. राहायला लाकडी बराक. उन्हाळ्यात अंगाची लाही, थंडीत बोचरा वारा. आजूबाजूला मराठी बोलणारं कोणी नाही. स्वयंपाकाला म्हणून कुलकर्णी नावाचा साताऱ्याकडचा एक कैदी दिला, तेवढीच मराठीची सोबत.

लिहिण्याची व्यवस्था कशी होती ती नीट ऐका. सुटे कागद मिळत नव्हते. बांधलेल्या वह्या मिळायच्या आणि त्यांची पानं आधीच मोजून, आकडे घालून दिलेली असायची, म्हणजे एखादं पान फाडून बाहेर पाठवता येऊ नये. शाई नाही. फक्त शिसपेन्सिल, तीही टोक काढून दिलेली. पुस्तकं सुरुवातीला जवळ ठेवता आली, मग एका वेळी चारच असा हुकूम आला, मग ब्रह्मदेश सरकारकडे अर्ज करून तो उठवावा लागला. सुटका झाली तेव्हा त्यांच्याजवळ साडेतीनशे ते चारशे पुस्तकं जमली होती. त्या कोठडीत त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली वाचण्यापुरत्या शिकून घेतल्या. आणि १९१०-११ च्या एका हिवाळ्यात, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, 'गीतारहस्या'चा पहिला मसुदा पेन्सिलीनं पुरा केला.

पाच महिने. एवढा ग्रंथ पाच महिन्यांत लिहून होतो म्हटल्यावर आपण लगेच म्हणतो, केवढी ही इच्छाशक्ती! मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. टिळकांची इच्छाशक्ती मोठी होती यात वादच नाही, पण पाच महिन्यांचा हिशेब पाच महिन्यांत लागत नाही. तो १८७२ पासून मांडावा लागतो.

१८७२ साली टिळकांचे वडील, गंगाधरपंत, अखेरच्या आजारात अंथरुणावर होते. बाळ सोळा वर्षांचा. आई तर आधीच गेलेली. वडिलांना गीतेवरची एक मराठी टीका वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे आलं, आणि गीतेशी त्याची ओळख त्या उशाशी झाली. तिथून एक प्रश्न त्यांच्या मागे लागला: लढाईला उभं करण्यासाठी सांगितलेल्या ग्रंथाचा निष्कर्ष संन्यास कसा असेल? वकिलीचा अभ्यास, फर्ग्युसन, 'केसरी', प्लेग, १८९७ चा तुरुंगवास, या सगळ्या धबडग्यात तो प्रश्न सुटला नाही आणि त्यांनी तो टाकूनही दिला नाही. १९०२ मध्ये नागपूरला त्यावर त्यांनी व्याख्यान दिलं. मग लिहायला निवांत वेळ मिळेना. तो वेळ अखेर सरकारनं दिला.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. संकट आल्यावर एकाग्रता नव्यानं कमावता येत नाही. आली तरी फार थोडी. संकटात मन धरून ठेवतं ते आधीच्या एखाद्या देण्याला. जे काम आपण कुणाचं तरी लागतो, वर्षानुवर्षं लागतो, त्या कामात भर वादळातही लक्ष लागतं. टिळकांच्या बाबतीत ते देणं एका आजारी वडिलांच्या उशाशी सुरू झालं होतं.

हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण दुसऱ्या माणसाकडे पाहा. विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यायची होती आणि संस्कृत येत नव्हतं. सोपी मराठी गीता तूच का करत नाहीस, असं ती मुलाला म्हणाली होती. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत ती गेली. बारा वर्षांनी, १९३० मध्ये, विनोबांनी 'गीताई' लिहायला घेतली आणि १९३१ च्या सुरुवातीला पुरी केली. त्यानंतर वर्षभरात ते धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर कैदी बसलेले. बाहेर स्वातंत्र्याची चळवळ दडपली जात होती आणि आत दर रविवारी ठरल्याप्रमाणे पुढचा अध्याय निघत होता. 'गीता प्रवचने' हे पुस्तक ते हेच.

ती प्रवचनं लिहून घेणारा हात साने गुरुजींचा होता. हा तिसरा माणूस. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, पाच दिवसांत. पुन्हा तेच. हात पाच दिवस चालला खरा, पण आई १९१७ साली गेली होती आणि शेवटच्या भेटीची चुटपुट तेव्हापासून मनात होती. पंधराहून जास्त वर्षं जे आत जमत होतं ते कोठडीत बाहेर आलं.

वडील, आई, आई. तिघांच्या स्वभावात जमीनअस्मानाचा फरक. टिळक बुद्धीचे, विनोबा वैराग्याचे, गुरुजी तर नखशिखान्त हळवे. तरी अडचणीच्या काळात तिघांनी हात घातला तो आईवडिलांशी बांधलेल्या जुन्या गाठीला.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करतो. काम हाती असलं की दुःख लागत नाही, असं कुणी समजू नये. जून १९१२ मध्ये पुण्यात टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या. तारेनं मंडालेला बातमी पोचली. टिळकांनी भाच्याला पत्र लिहिलं त्यात संकटं शांतपणे सोसायची आपल्याला सवय असल्याचं ते सांगतात, आणि या आघातानं आपण हादरलो हेही लपवत नाहीत. मग पत्र मुलांच्या काळजीकडे वळतं. त्यांच्याहून लहान वयात आपण पोरके झालो होतो याची त्यांना आठवण होते. पुढे वेदांग ज्योतिषावरचं काम त्यांनी त्याच कोठडीत केलं. हादरलेला माणूसच ते करत होता.

आणि सत्यभामाबाई? नवरा ब्रह्मदेशात, घर पुण्यात, जवळजवळ चार वर्षं. पानं मोजलेली का होईना, वहीसुद्धा त्यांच्यापुढे कुणी ठेवली नव्हती. त्यांनी मन कशात धरून ठेवलं, हे आपण कधी विचारलं नाही. एकाग्रतेवर बोलताना हे मला फार टोचतं.

कारण आपल्यापैकी बहुतेकांचा कठीण काळ मंडालेसारखा नसतोच. तो सत्यभामाबाईंसारखा असतो. घर चालू असतं, कुणीतरी आजारी असतं, फोन वाजत असतो. आमच्या नात्यातल्या एक मावशी आहेत. यजमानांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. केंद्राबाहेरच्या बाकावर बसून त्या सुरुवातीला मोबाइल बघायच्या आणि घरी येताना जास्तच थकलेल्या असायच्या. मग त्यांनी आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठवून वहीत उतरवायला घेतल्या. आजीनं त्यांना लहानपणी म्हटलं होतं, तू शाळेत जातेस ना, मग माझं एवढं लिहून ठेव. ते राहून गेलं होतं. मावशी म्हणतात, आधी मला एक पान वाचवत नव्हतं, आणि आता एक ओवी अडली की रात्रभर तीच डोक्यात फिरते. त्यांना मी एकाग्रतेचा उपाय विचारायला गेलो असतो तर त्या गोंधळल्या असत्या.

तुमचं असं राहून गेलेलं देणं कोणतं, हे मी इथून सांगू शकत नाही. ते ग्रंथाएवढं असण्याची गरज नाही. कुणाला शिकवायचं राहिलं असेल, गावाकडच्या कुळाची माहिती जमवायची राहिली असेल, वडिलांनी अर्धी सोडलेली पेटीवरची एखादी बंदिश असेल. बरे दिवस आहेत तोवर त्याला हात लावून ठेवा. अगदी थोडं. संकटाच्या दिवशी कोऱ्या पाटीवर मन बसत नाही. आधी चार ओळी लिहिलेल्या असल्या तर पाचवी सुचते.

आणखी एक, आणि हे ज्यांचं सध्या बरं चाललं आहे त्यांच्यासाठी. मंडालेत टिळकांची भाकरी कुलकर्णी भाजत होता, म्हणून टिळकांना तास मिळाले. धुळ्यात गुरुजी लिहून घेत होते, म्हणून विनोबा नुसतं बोलू शकले. तुमच्या इमारतीत, तुमच्या वाड्यात या घडीला कुणीतरी रुग्णालयाच्या बाकावर बसून आहे. घरी गेल्यावर त्यांना फोन करा, आणि या आठवड्यातली एक पाळी तुम्ही घ्या.