रानवाटांची पट्टी

इ. स. १९४२ सालीं अमेरिकेचे सेनापति पॅटन यांनीं रणगाड्यांच्या पथकांना वाळवंटी युद्धाचें शिक्षण देण्यासाठीं कॅलिफोर्निया संस्थानाच्या आग्नेयेकडील वाळवंट निवडलें. युद्ध संपलें, छावण्या उठल्या, पॅटनहि काळाच्या पडद्याआड गेले. परंतु रणगाड्यांच्या पट्ट्यांनीं उमटविलेल्या रेषा त्या भूमीवर अद्यापि दिसतात. जेथें पाऊस नांवापुरताच पडतो आणि एखादें झुडूप वाढावयास माणसाचें आयुष्य पुरत नाहीं, तेथें जमिनीची जखम लवकर भरून येत नाहीं.

रणगाडे आले आणि गेले. त्यांच्यामागून आलेलीं हलकीं वाहनें मात्र दर शनिवार-रविवारीं येऊं लागलीं. डोंगर चढणाऱ्या फटफट्या, वाळूच्या टेकड्यांवरून उड्या घेणाऱ्या उघड्या गाड्या, जुन्या लष्करी जीप असा हा परिवार. सडकेवरच्या वाहनाला क्रमांक असतो, मालकाचें नांव सरकारदप्तरीं असतें, आणि त्याच्या करांतून सडकेची डागडुजी होते. सडकेबाहेर धांवणाऱ्या वाहनाला यांपैकीं कांहींच नव्हतें. कोणी कुंपण तोडून कुरणांत चाकें घातलीं, तर धुरळ्याखेरीज मागें पुरावा राहत नसे.

या अव्यवस्थेवर १९७१ सालीं कॅलिफोर्नियाच्या कायदेमंडळानें जो कायदा केला, तो चॅपी-झबर्ग कायदा या नांवानें प्रसिद्ध आहे. यूजीन चॅपी हे रिपब्लिकन पक्षाचे, डोंगराळ भागाचे प्रतिनिधि. एडविन झबर्ग हे डेमोक्रॅटिक पक्षाचे, वनरक्षणाचे कैवारी. एकाला वाटा उघड्या राहावयास हव्या होत्या, दुसऱ्याला रान वांचावयास हवें होतें. दोघांनाहि एक गोष्ट पटली: ज्याची ओळख नाहीं त्याला ना हक्क देतां येतो, ना दंड करतां येतो. म्हणून नोंदणी सक्तीची झाली. पुढल्याच वर्षीं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनींहि, अशा वाहनांना कोठें जाऊं द्यावें आणि कोठें नाहीं, हें राष्ट्रीय सरकारच्या जमिनींवर ठरवून देण्याचा हुकूम काढला.

नोंदणीची खूण म्हणजे एक हिरवी चिठ्ठी. ती मोटारसायकलीच्या पुढल्या डाव्या दांड्यावर आणि चार चाकांच्या गाडीच्या डाव्या मागल्या अंगास चिकटवावी लागते. दर दोन वर्षांनीं शुल्क भरून ती नवी करावी लागते. अधिक धूर सोडणाऱ्या वाहनांसाठीं मध्यंतरीं एक तांबडी चिठ्ठीहि होती. ठराविक ऋतूंतच त्यांना मोकळीक असे. २०२२ च्या बनावटीपासून ती देणें बंद झालें.

जमलेला पैसा सरकारी तिजोरींत मिसळत नाहीं; त्याचा स्वतंत्र विश्वस्तनिधि आहे. त्यांत नोंदणीपेक्षां मोठा वांटा पेट्रोलवरील कराचा असतो. पेट्रोलचा कर सडकांसाठीं. पण जें पेट्रोल सडकेबाहेर जळलें त्याचा कर सडकेला कां द्यावा, हा त्यामागचा हिशेब. निधींतून जीं अनुदानें दिलीं जातात त्यांचे भाग कायद्यानेंच पाडून दिले आहेत: निम्मा पैसा वाटांच्या देखभालीस, शेकडा २५ बिघडलेली भूमि सुधारण्यास, शेकडा २० अंमलबजावणीस आणि उरलेला ५ शिक्षणास. ही सारी योजना मुदतीची होती; २०१७ सालच्या कायद्यानें ती कायमची झाली.

आक्षेप दोन्हीं बाजूंनीं आले. स्वार म्हणतात, सार्वजनिक जमीन आमचीहि आहे. मग स्वतःच्याच अंगणांत फिरावयास पट्टी कां? हा युक्तिवाद ऐकावयास गोड, पण तोकडा आहे. पायीं चालणाऱ्याचें पाऊल आणि फिरतें चाक यांच्या झिजेंत जें अंतर आहे, त्याचें मोल कोणीतरी भरलेंच पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पट्टी भरणारा वर्ग उद्यां अधिक जमिनीची मागणी करील, आणि निधीचे विश्वस्त त्याचेच वकील होतील, असें वनप्रेमींना भय वाटतें. लिव्हरमोर शहराजवळ टेस्ला नांवाची जमीन या निधीतूनच, शेजारचें कार्नेगी हें वाहनक्रीडांगण वाढविण्यासाठीं, घेतली गेली होती. अनेक वर्षें तंटा चालला. अखेर २०२१ सालीं तेथें वाहनें न नेण्याचें ठरलें आणि सामान्य तिजोरींतून निधीची भरपाई करण्यांत आली. भरपाई झाली म्हणूनच तो निर्णय न्यायाचा ठरला. एरव्हीं पट्टी भरणाऱ्यांचा विश्वासघात झाला असता.

देखभाल म्हणजे नुसती खड्डे बुजवणी नव्हे. चाकांनीं दाबलेली माती पाणी शोषीत नाहीं; मग पाणी चाकोरींतूनच धांवतें, चाकोरीची घळ होते, आणि सुटलेली माती ओढ्यांत जाऊन माशांचीं अंडीं गाडून टाकते. उपाय साधा आहे: उतारावर अंतराअंतरानें वाटेला आडवी, पसरट खोलगट घडण द्यावयाची, म्हणजे पाणी बाजूच्या गवतांत उतरतें. पण असली घडण दर पावसाळ्यानंतर पाहावी लागते, आणि पाहणाऱ्याला पगार द्यावा लागतो.

तो न दिल्यास काय होतें, हें सिएरा नेवाडा पर्वतांतील रुबिकॉन या विख्यात जीपवाटेनें दाखविलें. २००९ सालीं जलसंरक्षण मंडळानें तेथील गाळ, सांडलेलें तेल आणि मानवी विष्ठा यांबद्दल एल डोराडो परगण्यास व तेथील राष्ट्रीय वनास वाट सुधारण्याचा हुकूम बजावला. वाट बंद होण्याच्या भयानें स्वारांचे संघहि कामास लागले.

अंमलबजावणींतील बारकावे मौजेचे आहेत. रक्षक चिठ्ठी पाहतो, तसाच यंत्राच्या धूरनळींतील ठिणगीरोधकहि. वाळलेल्या गवतांत एक ठिणगी पुरे. १९८६ पासूनच्या वाहनांना आवाजाची मर्यादा ९६ डेसिबल आहे, आणि ती वीस इंचांवरून मोजतात.

सर्वांत कष्टाचें काम चोरवाटा मिटविण्याचें. वाळवंटांत एकानें नवी चाकोरी पाडली कीं दुसरा तिलाच वाट समजतो. म्हणून कामगार मेलेलीं झुडपें आणून चाकोरींत उभीं पुरतात, भोंवतीं दगड जुन्यासारखे मांडतात आणि माती कुदळीनें मोकळी करतात. मुख्य वाटेवरून पाहणाऱ्याला तेथें रानच दिसतें, आणि तो सरळ पुढें जातो. पुरलेल्या काटक्यांच्या सावलींत वाऱ्यानें आलेलें बीं अडकतें. एखादा ओला हिवाळा आला तर त्यांतलें थोडें उगवतें.