मुक्त परिचालन प्रणाली : मोफत नव्हे, मुक्त



नंदिनी नगरची ओळख चुनखडीच्या खाणींमुळे आहे. ही चुनखडी भिलाईच्या झोतभट्टीत पडते, लोहखनिजातील अशुद्ध द्रव्यांशी संयोग पावते आणि धातुमळीच्या रूपाने बाहेर निघते. तयार झालेल्या रुळात तिचा मागमूस दिसत नाही, परंतु तिच्यावाचून भट्टीचे काम चालत नाही. संगणकातील ऑपरेटिंग सिस्टीमचे, म्हणजेच परिचालन प्रणालीचे स्थान काहीसे असेच आहे. पत्र लिहिणारा, तिकीट काढणारा किंवा निकाल पाहणारा माणूस तिचा विचार करीत नाही. मात्र संगणकाची स्मृती, डिस्क, कळफलक, पडदा व मुद्रक यांचे काम सुसूत्रपणे चालवते ती हीच प्रणाली.

भिलाईचा इतिहास आणखी एक धडा देतो. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या काळात केवळ यंत्रे आली नाहीत. भारतीय अभियंते व कामगार यांना सोव्हिएत संघात प्रशिक्षणही मिळाले. यंत्र विकत घेणे वेगळे आणि यंत्राची विद्या हाती येणे वेगळे. परिचालन प्रणालींच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा आहे.

‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ

प्रत्येक प्रणाली मुळात माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली असते. तिला मूळ संहिता म्हणतात. मालकी हक्काच्या प्रणालीत ही संहिता सहसा गुप्त राहते आणि ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळतो. मुक्त प्रणालीत वापरणाऱ्याला चार अधिकार असतात : कोणत्याही कामासाठी प्रणाली चालवणे, तिची संहिता अभ्यासून तीत बदल करणे, तिच्या प्रती इतरांना देणे आणि सुधारलेल्या प्रती वितरित करणे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने फुकट आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात, त्यामुळे गोंधळ होतो. मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे निरनिराळे शब्द असल्याने हा भेद सहज ध्यानात येतो. मोफत मिळणारी प्रत्येक आज्ञावली मुक्त नसते, आणि मुक्त प्रणालीसंबंधीच्या सेवेसाठी पैसे आकारण्यासही मनाई नसते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स हा प्रणालीचा गाभा जाहीर केला व पुढील वर्षी तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. या दोहोंच्या संयोगातून डेबियन, फेडोरा, उबुंटू अशा अनेक प्रणाली उभ्या राहिल्या. अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे लिनक्सवर चालत आली आहेत.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने

एकाने खाल्लेली भाकरी दुसऱ्याला खाता येत नाही; एकाने वापरलेली आज्ञावली मात्र इतरांसाठी कमी होत नाही. तिची पहिली प्रत तयार करण्यास मोठा खर्च येतो, पुढील प्रतींचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. अशा वस्तूला बाजारभाव मिळावा म्हणून कायदा इतरांना वगळण्याचा अधिकार देतो. भारतात १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार संगणक आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते. ग्नूच्या परवान्याचे वैशिष्ट्य असे की, तो याच प्रताधिकाराचा आधार घेऊन उलट अट घालतो : सुधारित प्रणाली वितरित करणाऱ्याने तिची संहिताही त्याच अटींवर खुली ठेवली पाहिजे. वगळण्याचे साधन येथे वाटून घेण्याचे साधन बनते.

दुसरा मुद्दा अवलंबित्वाचा. एखाद्या प्रणालीचे वापरकर्ते वाढले की तिच्यासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या वाढतात, प्रशिक्षित मनुष्यबळ वाढते आणि नवा ग्राहकही तिकडेच वळतो. कालांतराने प्रणाली बदलण्याचा खर्च एवढा वाढतो की ग्राहकाची निवड केवळ नावापुरती उरते. विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण सुरक्षा साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. चालू स्थितीतील अनेक जुने संगणक तिच्या पुढील आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत. अशा संगणकांवर हलक्या स्वरूपाची लिनक्स प्रणाली बसवून त्यांचे आयुष्य वाढवता येते. ज्या शाळेकडे नव्या खरेदीसाठी तरतूद नाही, तिच्यासाठी हा पर्याय फार मोलाचा ठरतो.

मराठीचा अनुभव

किमतीपलीकडील स्वातंत्र्य म्हणजे काय, हे संगणकावरील मराठीच्या वाटचालीवरून समजते. पूर्वी निरनिराळ्या टंकांची संकेतपद्धती वेगवेगळी असे. एका संगणकावर टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटे. युनिकोडमुळे प्रत्येक अक्षराला एक सर्वमान्य संकेत मिळाला. परंतु संकेत ठरला म्हणजे अक्षर पडद्यावर नीट उमटतेच असे नाही. त्यासाठी टंक, जोडाक्षरे जुळवणारी यंत्रणा आणि भाषांतरित सूचना लागतात.

हे काम मुक्त प्रणालीत अनेक हातांनी झाले. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने, जे नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाले, लिनक्सवर भारतीय लिपी आणण्याचे प्रयत्न केले. इंडलिनक्स या प्रकल्पात स्वयंसेवक एकत्र आले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित टंक रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले. ग्नोमसारख्या मुक्त पटलांच्या सूचनांचे मराठी भाषांतरही झाले.

मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एक गुरुजनांसाठी, दुसरा स्वयंपाक्यांसाठी. दोहोंतील ‘र’ वेगळ्या रीतीने लिहिला जातो. हा भेद न दाखवणारा टंक मराठीला अपुरा पडतो. मुक्त टंकात असा दोष आढळल्यास जाणकार व्यक्ती स्वतः तो दुरुस्त करू शकते आणि ती दुरुस्ती सर्वांना उपलब्ध होते. मालकी प्रणालींनीही मराठीची सोय केली आहे, हे नमूद केले पाहिजे. फरक आहे तो निर्णय कोणाच्या हाती, एवढाच.

बाजारपेठ लहान असलेल्या भाषांसाठी हा फरक निर्णायक ठरू शकतो. छत्तीसगढ आणि महाराष्ट्राच्या गडचिरोलीसह मध्य भारतात बोलल्या जाणाऱ्या गोंडीच्या मसराम व गुंजाला या लिप्यांना अनुक्रमे २०१७ व २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. दोन्हींसाठी नोटो मालिकेत मुक्त टंक उपलब्ध आहेत. त्यांच्या आधारे गोंडी पटल घडवण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही. गरज आहे ती भाषा व तंत्र दोन्ही जाणणाऱ्या माणसांची.

शासकीय धोरण

२००५ मध्ये सी-डॅक आणि अण्णा विद्यापीठातील एयू-केबीसी संशोधन केंद्र यांच्या सहभागाने मुक्त सॉफ्टवेअरसाठी राष्ट्रीय संसाधन केंद्र सुरू झाले. त्यातून डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली प्रणाली २००७ मध्ये आली. नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर झाले, तर २०१५ च्या धोरणाने केंद्र शासनाच्या ई-प्रशासन प्रणालींत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य दिले. केरळने शालेय संगणक शिक्षणात मुक्त प्रणालीचा व्यापक वापर केला. तेथे प्रणालीच्या जोडीने शिक्षकांचे प्रशिक्षणही झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मर्यादांचे भान

परवाना शुल्क नसले तरी खर्च शून्य होत नाही. प्रशिक्षण, देखभाल आणि जुन्या कागदपत्रांचे रूपांतर यांवर खर्च होतोच. जर्मनीतील म्युनिक महानगरपालिकेने अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर २०१३ मध्ये लिनक्सकडे स्थलांतर पूर्ण केले. मात्र २०१७ मध्ये तेथील परिषदेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. राजकीय व प्रशासकीय पाठबळाचे सातत्य तंत्रज्ञानाइतकेच आवश्यक असते.

सुरक्षिततेबाबतही भाबडेपणा नको. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या लिनक्समधील एका उपयुक्त आज्ञावलीत हेतुपुरस्सर ठेवलेली चोरवाट उघडकीस आली. प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या सूक्ष्म खुणेवरून एका तंत्रज्ञाने ती शोधली. संहिता खुली होती म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आले. परंतु सारे जग वापरत असलेल्या या आज्ञावलीचा भार प्रामुख्याने एकाच स्वयंसेवकावर होता, म्हणूनच घुसखोराला विश्वास संपादन करून आत शिरता आले. सार्वजनिक वस्तूचा लाभ सर्वांनी घ्यावा आणि भार कोणीच उचलू नये, ही अर्थशास्त्राला परिचित असलेली समस्या येथेही आहे. मुक्त प्रणाली वापरणाऱ्या शासनाने व उद्योगांनी तिच्या देखभालीचा वाटा उचलणे हा उपकार नसून आवश्यक गुंतवणूक आहे.

विद्यार्थ्यांसाठी

स्पर्धा परीक्षेच्या उत्तरात मुक्त सॉफ्टवेअरचे समर्थन केवळ बचतीच्या आधारे केल्यास ते अपुरे राहते. किंमत, अवलंबित्व, भाषा, सुरक्षितता आणि मनुष्यबळ या पाच अंगांनी त्याचा विचार व्हावा. प्रत्यक्ष परिचयही अवघड नाही. अनेक लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कवरील माहितीला धक्का न लावता पाहता येतात. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे छोटे दृकश्राव्य पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. पाठ पाहत शेजारीच कृती करायची, अशी त्यांची रीत आहे.

संहिता खुली असणे हा केवळ अधिकार आहे. तो वापरणारी माणसे तयार झाली नाहीत, तर मुक्त प्रणालीही केवळ मोफत वस्तू बनून राहील. भिलाईसाठी प्रशिक्षण घेण्यास अभियंत्यांना परदेशी जावे लागले. या विद्येसाठी घरचा जुना संगणक आणि नियमित अभ्यास पुरेसा आहे.