दारांतील जीप



आमच्या घरीं जीप आली तेव्हां माझ्या मातुःश्रींनीं तिच्याकडे एकदां खालून वर व एकदां वरून खालीं पाहिलें आणि विचारलें, "अरे, हिच्यांत चढायचें कुठून?" त्यांचें वय त्या वेळीं चौऱ्याहत्तर होतें, आणि गाडीची पायरी त्यांच्या गुडघ्याच्याहि वर येत होती. माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. शेवटीं देवघरांतला एक बुटका लांकडी चौरंग आणला, तो पायरीखालीं ठेवला आणि त्यांना हात देऊन वर घेतलें. त्या दिवसापासून तो चौरंग गाडींतच राहिला. लष्करी घाटाची गाडी घरगुती वापरासाठीं ठेवणें म्हणजे काय, याचा पहिला धडा मला त्या चौरंगानें दिला. पुढचे धडे त्याहून महाग पडले. त्यांतले कांहीं आज आपणांपुढें मांडावे असें योजिलें आहे.

या गाडीचा जन्म मुळीं घरासाठीं झालाच नव्हता. १९४० सालीं युरोपांत महायुद्ध पेटलेलें असतां अमेरिकन सैन्यानें टेहळणीसाठीं हलकी व चारहि चाकांना गति मिळेल अशी गाडी मागितली. नमुना सादर करण्यास कारखानदारांना दिलेली मुदत अवघी ४९ दिवसांची होती. बँटम या लहानशा कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट नांवाच्या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं पहिली गाडी सैन्याच्या हवालीं केली. पुढें विलीस व फोर्ड या मोठ्या कारखान्यांनीं हें काम हातीं घेऊन युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. दोन आंसांमधील अंतर ८० इंच, इंजिनाची शक्ति ६० अश्वशक्ति, दारें नाहींत, वर ताडपत्री, आणि पुढची कांच बॉनेटवर आडवी पाडतां येईल अशी तिची रचना होती. मागच्या हुकाला कधीं पाव टनाची जोडगाडी, तर कधीं रणगाडे फोडणारी ३७ मिलिमीटरची लहान तोफ जोडीत. ओझें ओढण्याचा गुण तिच्या अंगीं जन्मापासूनच आहे.

युद्ध संपतांच हिचें करायचें काय, असा प्रश्न कारखानदारांपुढें आला. विलीसनें १९४५ सालीं तिची नागरी आवृत्ति काढली. तिला मागें उघडणारी फळी व मोठे दिवे दिले, आणि इंजिनाची शक्ति बाहेर काढून शेतांतलीं यंत्रें चालविण्याची सोय करून शेतकऱ्यापुढें ठेविली. इंग्लंडांत रोव्हर कारखान्याचे मॉरिस विल्क्स आपल्या अँगल्सी बेटावरील शेतीवर युद्धांतली अशीच एक जीप वापरीत. तिच्या अनुभवावरून त्यांनीं योजिलेली लँड रोव्हर १९४८ च्या एप्रिल महिन्यांत ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिली. पोलादाची टंचाई असल्यामुळें तिचा सांगाडा सोडून बाकीचें अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें केलें होतें. तिच्याहि आंसांमधील अंतर बरोबर ८० इंचच होतें.

आपल्या मुंबईचाहि या कथेशीं जवळचा संबंध आहे. महिंद्र बंधु व मलिक गुलाम मुहम्मद यांनीं १९४५ सालीं एक कंपनी स्थापिली. १९४७ सालीं माझगांव येथें या कंपनीनें विलीसच्या जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. त्याच वर्षीं फाळणी झाली. गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ सालीं कंपनीच्या नांवांतून त्यांचें नांव गळून तेथें दुसऱ्यांदा महिंद्र हेंच नांव आलें. माझगांवची ती जीप मग महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत शिरली. साहेबांचा दौरा जीपमधून, निवडणुकीचा कर्णा जीपवर, आणि बाजाराच्या दिवशीं माणसें दाटीवाटीनें भरून निघालेली वडापहि जीपच! विदर्भांत व मराठवाड्यांत तिलाच काळी-पिवळी म्हणतात. आपल्या सैन्यानेंहि जबलपूरच्या कारखान्यांत १९६९ पासून तयार झालेली जोंगा व पुढें जिप्सी या गाड्या वापरल्या. सारांश, लष्कराची गाडी व लोकांची गाडी यांतील अंतर आपल्याकडे कधींच फार मोठें नव्हतें. त्यामुळेंच ती आपल्याला सहज पेलेल असा भ्रम मला झाला.

आतां हिची खुबी पाहूं. साध्या मोटारीला दोन चाकें ओढतात किंवा ढकलतात. जीपमध्यें गिअरच्या पेटीला जोडून आणखी एक पेटी असते. तिचा दांडा एका बाजूस ओढला कीं पुढचा आंसहि कामाला लागतो, आणि आणखी खालच्या घरांत टाकला कीं वेग घटून चाकांचा जोर वाढतो. चिखल, वाळू, ओढ्यांतील गोटे येथें या दांड्याला तोड नाहीं. परंतु हाच दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावर टाकून ठेवणें चूक आहे. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां अधिक लांबीचा मार्ग कापतात. दोन्ही आंस एकमेकांशीं जखडले असले तर हा फरक कोठें तरी जिरावा लागतो. चिखलांत चाक थोडें घसरतें व ताण सुटतो. डांबरावर तें घसरत नाहीं, म्हणून टायर झिजतात, चक्र जड होतें आणि दांत्यांवर पीळ बसतो. आरंभीं मी ऐटीनें पुण्याच्या रस्त्यांतून चारहि चाकें जोडून फिरत असें. आमच्या मिस्त्रींनीं झिजलेले टायर दाखवून विचारलें, "साहेब, लक्ष्मी रस्त्यावर चिखल कुठं लागला तुम्हांला?"

रोजच्या वापरांत हिच्या गुणांचेच दोष होतात. जमिनीपासून अंग उंच, म्हणून खडकावर पोट घासत नाहीं. पण त्याच उंचीमुळें वेगांत घेतलेल्या वळणावर ती कलंडण्याचें भय अधिक. पाटे ताठ, म्हणून ओझें पेलतें, पण रिकाम्या गाडींत बसलेल्यांच्या कमरेला प्रत्येक खड्डा मोजून मिळतो. पावसांत ताडपत्रीच्या फटींतून पाणी येतें. चौकोनी अंगाला वारा अडतो, त्यामुळें मोठ्या रस्त्यावर तेल अधिक जळतें. २०१० नंतर निघालेल्या, विशेषतः २०२० च्या नव्या थारसारख्या गाड्यांनीं यांतल्या पुष्कळ उणिवा दूर केल्या आहेत. माझी गाडी जुन्या घडणीची आहे. तिच्याबद्दल मी बोलतों आहें.

कायद्याचीहि बाजू आहे. लष्करी दिसावी म्हणून गाडीला सैन्याचा हिरवा रंग देण्याचा मोह अनेकांना होतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकीं १२१ व्या नियमानें तो रंग केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीं राखून ठेविला आहे. सैन्यानें मोडींत काढलेली गाडी लिलांवांत घेतली तरी तिचा रंग बदलणें भाग आहे. १९८८ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें कारखान्यानें दिलेल्या मूळ रचनेंत हवे तसे फेरफार करतां येत नाहींत, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि हेंच उचलून धरलें. पुढें लोखंडी कठडे लावण्याविरुद्ध तर केंद्र सरकारनें २०१७ च्या डिसेंबरांतच राज्यांना कारवाईची सूचना दिली. ते कठडे धडकेच्या वेळीं पादचाऱ्याच्या जिवावर बेततात. जोडगाडीलाहि ६१ व्या कलमाप्रमाणें वेगळी नोंदणी लागते. हें सर्व मीं रीतसर केलें होतें. कागद चोख होते. चुकला तो मी.

दोन वर्षांपूर्वीं मे महिन्यांत महाडजवळच्या आमच्या वाडीवर विहिरीचा पंप, लोखंडी नळ आणि सिमेंटच्या बारा गोण्या न्यावयाच्या होत्या. भाड्याचा टेंपो करावा, असें पत्नीचें मत होतें. घरीं जीप असतां भाडें कशाला, असें माझें. उतरवितांना सोपें जावें म्हणून गोण्या मीं जोडगाडीच्या अगदीं मागच्या टोकाला रचल्या. येथें पहिली चूक झाली. जोडगाडीच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर दाबून बसला पाहिजे. वजन तिच्या आंसाच्या मागें गेलें तर हूक वर उचलला जातो, ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि मागचें धूड डुलूं लागतें. दुसरी चूक अशी कीं, या जोडगाडीला स्वतःचे ब्रेक नव्हते. दोहोंचें ओझें एकट्या जीपच्या ब्रेकवर होतें.

भोरकडून वरंध घाट उतरूं लागलों. डिझेल वांचेल या विचारानें वरच्या गिअरमध्येंच होतों आणि वळणावळणाला ब्रेक दाबीत होतों. ही तिसरी चूक. मागच्या बांकावर मुलगी झोपली होती. अर्धा घाट झाला असेल नसेल, तोंच पत्नीनें विचारलें, "अहो, हा वास कसला येतोय?" मी उत्तर देण्यापूर्वींच पुढचें वळण आलें. ब्रेकवर पाय दिला तों तो खालीं गेला आणि गाडी मात्र तशीच पुढें चालली. जोडगाडी मागून ढकलीत होती. डाव्या हाताला डोंगर व उजव्या हाताला दरी होती. गिअर एक एक करून खालीं ओढला, हातब्रेक खेंचला आणि डावीं चाकें मुद्दाम डोंगराकडच्या गटारांत घातली. कठड्याच्या दगडांना घासत घासत गाडी उभी राहिली. मुलगी जागी होऊन म्हणाली, "बाबा, आलं का गांव?"

कोणालाहि इजा झाली नाहीं. मागाहून आलेल्या एका मालट्रकचे चालक थांबले. मी घाईनें तापलेल्या ड्रमवर पाणी ओतण्यास निघालों होतों. त्यांनीं माझा हात धरला. "तडकेल साहेब. आपोआप थंड होऊं द्या." मग म्हणाले, "ज्या गिअरनं घाट चढतो, त्याच गिअरनं उतरायचा असतो. ब्रेक थांबायसाठीं असतो."

घरीं परतल्यावर मीं कागद घेऊन हिशेब केला. अडीच टनांचें ओझें ६०० मीटर खालीं उतरतांना जी शक्ति मोकळी होते, तिनें नेहमींच्या तपमानाच्या सुमारें ४८ लिटर पाण्याला उकळी फुटेल. एवढी उष्णता कोठें तरी गेलीच पाहिजे. खालच्या गिअरमध्यें उतरलें तर इंजिन तींतला बराच भाग खातें. वरच्या गिअरमध्यें उतरलें तर ती सारी ब्रेकच्या चार ड्रमांत कोंडली जाते. ड्रम तापून फुगतात, अस्तरांची पकड सुटते, आणि पाय खालीं जातो. शाळेंत शिकलेलें हें पदार्थविज्ञान मला पन्नाशी उलटल्यावर गटारांत उतरून समजलें!

त्या रात्रीं पत्नीनें एकच प्रश्न विचारला, "ही गाडी आपल्याला पेलते का?" मी उत्तर द्यावयास तयार नव्हतों. मग आम्हीं एक वही केली. वर्षभर प्रत्येक फेरीनंतर तींत लिहीत गेलों, कीं आज चार चाकांचा दांडा लागला काय, आज जोडगाडी लागली काय. वर्षाअखेर मोजलें. दांडा लागला असे दिवस चौदा, जोडगाडी लागली असे नऊ. त्यांतला एकहि दिवस पुण्याचा नव्हता. उरलेले सारे दिवस मीं भाजी आणावयास व कचेरींत जावयास एक तोफ ओढणारें वाहन वापरलें होतें.

पण त्या चौदा दिवसांत श्रावणांतला एक दिवस होता. मातुःश्री वाडीवर असतां तापानें फणफणल्या. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा तीन किलोमीटरांचा मार्ग पोटरीभर चिखलाचा झाला होता. शेजाऱ्याची मोटार फाटकापाशींच रुतून बसली. चौरंग ठेविला, त्यांना वर घेतलें, दांडा खालच्या घरांत टाकला, आणि माणसाच्या चालीनें पाऊण तासांत रस्त्याला लागलों. वेळेवर औषध मिळालें. गाडी विकावी असें मनांत आलें, कीं मला तो पाऊण तास आठवतो.

म्हणून आम्हीं विकली नाहीं. मात्र शहरांतून ती हलविली. ती आतां वाडीवर असते. माझा पुतण्या तिला सांभाळतो. पुण्यांत आम्ही बस व एक लहान मोटार यांवर भागवितों. जोडगाडींत सहांहून अधिक गोण्या चढवीत नाहीं, वजन आंसाच्या किंचित् पुढें ठेवितों आणि घाट दुसऱ्या गिअरमध्यें उतरतों. आपणांपैकीं कोणाच्या मनांत अशी गाडी घेण्याचें असेल तर मी त्यांना नको म्हणणार नाहीं. आधीं एक वर्षभर वही ठेवा एवढेंच सांगेन. ज्या दिवशीं साध्या मोटारीनें अडलें, त्याच दिवशीं तींत खूण करा. खुणा पुरेशा झाल्या तर अवश्य घ्या, आणि ओढण्याआधीं थांबविण्याची व्यवस्था पाहा.

मातुःश्री आतां ऐंशीच्या घरांत आहेत. वाडीवर गेलों कीं अजूनहि त्या गाडीला नांवें ठेवितात, तिच्या धक्क्यांनीं कंबर मोडते म्हणतात. मग पदर खोंचून चौरंगाकडे बोट दाखवितात आणि मला म्हणतात, "ठेव तो. उभा काय राहिलास?"